ओहोटीच्या वेळी शाळेतल्या मुलांना खडकाळ किनाऱ्यावर कसं न्यायचं

आधी तारीख ठरवायची पद्धत सांगतो, कारण बहुतेक शाळांची गाडी इथेच चुकते. शाळा काय करते तर आधी शनिवार बघते, मग बस मिळते का बघते, मग मुख्याध्यापकांची सही, आणि शेवटी कुणीतरी विचारतं की अरे त्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे. हे उलटं करायचं. समुद्राची वेळ आधी काढायची आणि बाकी सगळं तिच्याभोवती बसवायचं, नाहीतर पन्नास मुलं किनाऱ्यावर उभी आणि खडक सगळे पाण्याखाली, मग काय दाखवणार, मग भेळ खाऊन परत.

कोकणात जुनी माणसं एक हिशोब करतात तो प्रत्येक शिक्षकाला यायलाच पाहिजे. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीनाची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे साधारण सव्वादोनला पूर्ण भरती, पहाटेही आणि दुपारीही. त्यात सहा तास आणि वर दहा-बारा मिनिटं मिळवली की पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी साडेआठच्या सुमारास. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच. मुंबई-रायगडकडे हे बऱ्यापैकी जुळतं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, मालवण-गोव्याकडे जाल तशी वेळ थोडी आधी येते आणि खाडीच्या आत उशिरा. म्हणून कॅलेंडरवरून अंदाज घ्या पण शेवटची खात्री भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच करा, सर्व्हे ऑफ इंडियाचा तक्ता असतो, इन्कॉइस म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, तिच्या साइटवर मिळतं, मोबाइलवर अॅपही आहेत. आणि जवळ कोळीवाडा असेल तर तिथे विचारा, ते लोक रोज त्याच वेळेवर जगतात.

आता यातली खरी गोम. शाळेला सोयीची ओहोटी म्हणजे दुपारी बाराची, दहाला निघा, जेवायला परत या. पण दुपारी बाराची ओहोटी हिशोबाने अष्टमीच्याच आसपास पडते, आणि अष्टमी म्हणजे भांग, त्या दिवशी पाणी मागे हटतच नाही फारसं. खालचे खडक उघडे पडतात ते उधाणाच्या दिवसांत, अमावस्या-पौर्णिमा आणि त्यानंतरचे तीन-चार दिवस. खुद्द पौर्णिमेला ओहोटी येते पहाटे पाच-साडेपाच आणि संध्याकाळी तशीच, दोन्ही वेळा मुलांना घेऊन जायच्या नाहीत. मग उरतं काय, तर द्वितीया, तृतीया, चतुर्थी. द्वितीयेला पावणेआठ, तृतीयेला साडेआठ, चतुर्थीला सव्वानऊ. पाणीही चांगलं खाली गेलेलं, ऊनही चढलेलं नाही. महिन्यात असे सहाएक दिवस मिळतात, तेवढेच धरून चाला. तक्त्यात ओहोटीची उंचीही दिलेली असते, ती एक मीटरच्या खाली असेल तर मजा येते, दीडच्या वर असेल तर सरळ दुसरी तारीख शोधा.

महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. पावसाळ्यात अजिबात नाही, समुद्र खवळलेला असतो आणि शेवाळावरून मोठी माणसंसुद्धा घसरतात. मार्चनंतर ऊन फार. थंडीत खडकांवर समुद्री शेवाळ भरपूर वाढलेलं असतं, त्यात लपलेले जीव जास्त दिसतात.

परमिशनचा विषय निघाला की लोक हात वर करतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात १० दिवस दप्तराविना असावेत असं म्हटलेलं आहे, त्याचा आधार घ्या, त्यातला एक दिवस हा करा. आणि अर्जात ‘सहल’ लिहू नका, ‘परिसर अभ्यास, खडकाळ किनारा’ असं लिहा, सोबत ओहोटीची वेळ, किती वाजता खाली उतरणार, किती वाजता वर येणार, सोबत मोठी माणसं किती, हे सगळं एका कागदावर द्या. पालकांनाही तोच कागद. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्यांची भीती असते ती पाण्याचीच असते, आणि ती बरोबरच आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेली कॉलेजची १४ मुलं बुडाली. ती तर मोठी मुलं होती. त्यामुळे हा मुद्दा अर्धवट ठेवायचा नाही.

माझा नियम साधा आहे, या कार्यक्रमात कुणी पाण्यात जात नाही. घोट्याएवढ्या पाण्यातही नाही. आपण बघायला आलोय ते पाणी जिथून गेलंय तिथलं. मुलांना बसमध्ये बसायच्या आधी हे सांगायचं, किनाऱ्यावर पोचल्यावर समुद्र दिसला की त्यांना काहीच ऐकू येत नाही.

वेळेचं गणित असं ठेवा. पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी खडकांवर उतरायचं, पाणी मागे जातंय तसतसं त्याच्या मागे मागे खाली सरकायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की पंधरा मिनिटांत तोंड किनाऱ्याकडे. दीड तासाच्या वर तसंही मुलांचं लक्ष राहत नाही. हे कडक का, तर पाणी एकसारखं चढत नाही. भरती सुरू झाल्यावर पहिल्या तासात एकूण चढणीचा बारावा हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. मुंबईला उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास वरखाली होतं, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून दोन मीटर, एका उंच माणसाएवढं पाणी दोन तासांत. आणि ते समोरूनच येतं असं नाही, बाजूच्या चरांमधून मागे शिरतं आणि तुम्ही उभे असता तो खडक बेट होतो. हे गणित आठवीच्या मुलांना फळ्यावर आदल्या दिवशी करायला लावा, त्यांना स्वतःलाच कळतं की सर वर चला का म्हणतात. निघायच्या आदल्या संध्याकाळी इन्कॉइसचा उंच लाटांचा इशारा आहे का तेही बघायचं, असेल तर कार्यक्रम रद्द, कुणी कितीही तोंडं वाकडी केली तरी.

मुलं एका वेळी तीसच्या वर नकोत, आणि आठ मुलांमागे एक मोठं माणूस. त्यातला एक जण फक्त समुद्राकडे बघत उभा राहणार, त्याने प्राणी बघायचे नाहीत, फोटो काढायचे नाहीत, हातात शिट्टी. हे काम पीटीच्या सरांना आवडतं. स्थानिक कुणी सोबत मिळालं तर फारच उत्तम, कोळीवाड्यातल्या एखाद्या मावशी, ज्या कालवं काढायला जातात. त्यांना मानधन द्या, फुकट बोलवू नका. कुठला खडक निसरडा, कुठे पाणी आधी शिरतं, कुठल्या कपारीत काय सापडतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं, आणि मुलं त्यांचं ऐकतात.

पायात बूट पाहिजेतच. खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांची धार ब्लेडसारखी, स्लीपर घालून गेलं की पाय कापलाच. नवीन काही घ्यायला लावू नका, शाळेचे जुने पांढरे कॅनव्हासचे बूट चालतात, भिजले तरी हरकत नाही. टोपी, पाण्याची बाटली, वही, पेन्सिल. पेन नको, पाणी लागलं की शाई पसरते. भिंग आठ मुलांत दोन पुरतात. फर्स्ट एडमध्ये पट्ट्या, अँटिसेप्टिक, चिमटा, स्वच्छ पाणी. जेलीफिश किंवा निळे ब्लूबॉटल वाळूत पडलेले दिसले तर मेलेले वाटले तरी हात लावायचा नाही, त्यांचे धागे तेव्हाही डंख करतात. लागलंच तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, धागे चिमट्याने काढायचे आणि डॉक्टरकडे. आणखी एक, सुंदर नक्षीचा, आइस्क्रीमच्या कोनसारखा निमुळता शंख दिसला तर तो उचलायचा नाही, कोनशंखाचा डंख विषारी असतो आणि तो आपल्या किनाऱ्यावर सापडतो. सोपा नियम म्हणजे कुठलाच शंख उचलायचा नाही, त्याचं दुसरं कारणही खाली येतंय.

आता प्रत्यक्ष काय करायचं. बरेच जण काय करतात, मुलांना पूर्ण किनारा फिरवतात, हे बघा खेकडा, हे बघा शंख, चला पुढे. मुलं मागून चालत राहतात, मागच्या रांगेला काही दिसतच नाही. मी म्हणतो तीन जागा निवडा आणि प्रत्येक ठिकाणी अर्धा तास बसा. वरचा खडक, मधला खडक, खालचा खडक, बस्स.

त्यासाठी एक चौकट करा. अर्धा मीटर बाजूचा चौकोन, प्लंबरकडून पीव्हीसीचा पाइप आणि चार एल्बो आणले की झालं, तेही नको तर चार काठ्या आणि सुतळी. चार-चार मुलांना एकेक चौकट. खडकावर ठेवायची आणि आत काय काय आहे ते मोजायचं. नावं माहीत असायची गरज नाही, चित्र काढा आणि स्वतःच नाव द्या, ‘काळी बारीक गोगलगाय’, ‘पांढरा सुळका’, चालतं. वरच्या खडकावर मुलं म्हणतात सर इथे काहीच नाही. मग सांगायचं, फटीत बघा. मग तिथे बारीक करड्या-काळ्या गोगलगायी दाटीवाटीने बसलेल्या सापडतात, कारण उन्हात कोरडं पडायचं नसेल तर फट हीच जागा. मधल्या खडकावर बार्नॅकल, म्हणजे खडकाला चिकटलेले छोट्या सुळक्यांसारखे कवचवाले जीव, आणि कालवं इतकी की मोजता येत नाहीत, तिथे चौकटीचा एक कोपरा मोजून चारने गुणायला शिकवा. खाली गेलं की शेवाळ, स्पंज, समुद्रफुलं, झोअँथिडचे, म्हणजे समुद्रफुलांच्याच नात्यातल्या, एकमेकांना चिकटून वाढणाऱ्या जीवांचे हिरवट-तपकिरी गालिचे. तिन्ही चौकटींची यादी शेजारी शेजारी ठेवली की मुलंच विचारतात वरचे खाली का नाहीत आणि खालचे वर का नाहीत, आणि हा प्रश्न त्यांच्या तोंडून आला की अर्धं काम झालं. उत्तर लगेच देऊ नका. थर्मामीटर द्या हातात, अल्कोहोलचा, पाऱ्याचा नको, आणि वरच्या डबक्यातलं आणि खालच्या डबक्यातलं पाणी मोजायला सांगा.

डबक्याजवळ एक गोष्ट आवर्जून करा. खडकातलं पाण्याने भरलेलं छोटं डबकं, ताटाएवढं पुरे, त्याभोवती चार मुलं उकिडवी बसवा, सावली पाण्यावर पडणार नाही अशी, आणि पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही. पहिल्या मिनिटाला डबकं रिकामं दिसतं. मग एक शंख चालायला लागतो, आतला हर्मिट क्रॅब, म्हणजे रिकाम्या शंखात राहणारा खेकडा, पाय बाहेर काढतो. मग तळाच्या वाळूच्याच रंगाचा बोटभर मासा सरकतो, आधी तिथेच होता पण दिसत नव्हता. पाण्यात बुडालेले बार्नॅकल भिंगातून बघा, वरचं झाकण उघडतं आणि आतून पिसासारखे पाय बाहेर येतात, पाणी ओढल्यासारखं करतात, परत आत, परत बाहेर. बार्नॅकल हा शिंपल्यांच्या नात्यातला नाही, खेकडा-कोळंबीच्या नात्यातला आहे, पिल्लू असताना पोहत येतो, डोकं खडकाला चिकटवतो आणि उरलेलं आयुष्य तिथेच पायाने खातो. हे पाठ्यपुस्तकातून सांगितलं तर कुणी लक्ष देत नाही, ते पाय हलताना बघून सांगितलं की सातवीतली मुलं घरी जाऊन आईला सांगतात.

हर्मिट क्रॅबला शंखातून ओढायचं नाही, तो तुटतो पण सोडत नाही. त्याला वाढताना मोठा रिकामा शंख शोधावा लागतो आणि तो सापडला नाही तर उघड्या पोटाने फिरावं लागतं किंवा लहान शंखातच अडकून राहावं लागतं. म्हणून रिकामे शंख खिशात भरून आणायचे नाहीत, ते कुणाचं तरी पुढचं घर असतं. मुलांना हे कारण सांगितलं की ती स्वतःच खिसे रिकामे करतात, नुसतं ‘शंख उचलू नका’ म्हटलं तर एकही ऐकत नाही.

दगड उलटायचा असेल तर मोठ्या माणसाने, स्वतःकडे ओढून, म्हणजे खालचा प्राणी पुढे निघून जाईल आणि पाय मध्ये येणार नाही. बघून झालं की हळूच होता तसाच, त्याच जागी, तीच बाजू वर. दगडाच्या खालच्या बाजूला अंडी आणि स्पंज असतात, उन्हात उलटा राहिला तर ते सगळं त्याच दिवशी मरतं. प्रवाळ, समुद्रकाकडी यांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, ते तर उचलायचंच नाही, नमुना म्हणून शाळेच्या कपाटातही नाही.

खडकांच्या बाजूला वाळू असेल तर येताना पंधरा मिनिटं तिथे द्या. ओल्या वाळूवर बारीक गोळ्यांची नक्षी असते, मध्ये भोक आणि त्याच्याभोवती गोळ्या पसरलेल्या, ती सँड बबलर नावाच्या छोट्या खेकड्यांची. वाळू तोंडातून चाळायची, त्यातलं खाणं घ्यायचं आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकायची. शांत बसलात तर तो बाहेर येऊन काम करताना दिसतो. भरती आली की सगळं पुसलं जातं.

आणि वाळूत पडलेले शिंपले बघायला सांगा, त्यातल्या काहींवर अगदी गोल, ड्रिल मारल्यासारखं एक भोक असतं, बहुतेक दोन शिंपा जोडतात तिथल्या उंचवट्याजवळ. मुलींना वाटतं माळ करायला बरं आहे. ते भोक मून स्नेल नावाच्या गोगलगायीने पाडलेलं असतं. ती वाळूतला शिंपला पायाने पकडते, जिभेवरच्या दातांनी आणि आंबट स्रावाने तासन् तास घासत भोक पाडते आणि आतला जीव खाऊन टाकते. भिंगातून बघा, भोक बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं दिसेल. दहा भोकवाले आणि दहा बिनभोकाचे शिंपले मांडायला लावा आणि विचारा, हे बाकीचे कशाने मेले असतील. फार छान चर्चा होते, मुलं डिटेक्टिव्ह होतात.

त्याच मून स्नेलचं आणखी एक. वाळूवर अधूनमधून करड्या रंगाची, कॉलरसारखी गोल वळलेली पट्टी पडलेली दिसते, हाताला रबर लागतं. ती तिची अंडी असतात, वाळू आणि चिकट द्रावात हजारो अंडी बसवलेली. आता बघा काय होतं, किनारा स्वच्छतेचा कार्यक्रम असला की मुलं हे प्लास्टिक समजून पोत्यात भरतात. म्हणून माझं ठाम मत आहे की बघायचा दिवस आणि कचरा उचलायचा दिवस एकत्र करू नका. आधी बघायला न्या, ओळख होऊ द्या, मग पुढच्या वेळी हातमोजे आणि पोती. ओळख नसताना साफसफाई केली की मुलांच्या डोक्यात किनारा म्हणजे कचऱ्याची जागा एवढंच राहतं. कचरा दिसलाच तर त्या दिवशी फक्त नोंद करा, तुटलेली जाळी किती, बाटल्या किती, डांबरगोळे आहेत का. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे काळे डांबरगोळे दरवर्षी येतात, समुद्रात सांडलेल्या तेलाचे, थंडीतही खडकांवर वाळून चिकटलेले सापडतात.

मोबाइल शिक्षकांकडेच. फोटो काढून ठेवा, नंतर आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदींच्या साइटवर टाकता येतात आणि तिथले जाणकार नाव सांगतात. लहान मुलांना अकाउंट काढायला लावू नका, शाळेचं एक चालेल. मुंबईत ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी २०१७ पासून गिरगाव, कार्टर रोड, जुहू अशा किनाऱ्यांवर लोकांना फिरवतात, शिक्षकांनी आधी एकदा स्वतः अशा वॉकला जाऊन यावं. मालवणला न्यायचं असेल तर तिथला काही भाग सागरी अभयारण्यात येतो, १९८७ पासून, त्यामुळे वनखात्याला आधी विचारा. किनारा जवळ नसेल तर ओढून ताणून समुद्र नको, दोन दिवस बसमध्ये घालवून दीड तास बघण्यापेक्षा गावच्या ओढ्यावर हीच चौकट घेऊन जा.

चालता न येणारं, व्हीलचेअरवरचं मूल वर्गात असेल तर त्याला घरी ठेवू नका. वाळूचा कडक पट्टा किंवा जेट्टी निवडा, आणि एका बादलीत समुद्राचं पाणी घेऊन त्यात बार्नॅकल चिकटलेला सुटा दगड पंधरा मिनिटं ठेवा, सावलीत, आणि मग परत जागेवर. बाकीच्यांनाही ते त्याच्यासोबत बघू द्या.

परत आल्यावर त्याच आठवड्यात, त्याच्या पुढे ढकललं की राहिलंच, तीन चौकटींच्या आकड्यांचा तक्ता करा आणि भिंतीवर लावा. निबंध लिहायला लावू नका, प्लीज. आकडे, चित्रं आणि प्रत्येकाचा एक प्रश्न, एवढंच. तारीख, तिथी, ओहोटीची उंची आणि जागा वर लिहा, म्हणजे पुढच्या वर्षीची सातवी तिथेच जाऊन तुलना करेल.

आणि त्या यादीची एक प्रत ग्रामपंचायतीत द्या. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची असते, किनाऱ्यावरच्या गावांतसुद्धा त्या नोंदवहीत झाडं आणि पक्षी भरपूर असतात पण खडकांवरचे जीव क्वचित लिहिलेले असतात. मुलांनाच सोबत न्या, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या समोर त्यांनाच यादी वाचू द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.